उदयगिरीचा वराहपट

मध्य प्रदेशात विदिशेजवळच्या उदयगिरी टेकडीवर, पाचव्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेले गुप्तकालीन शिल्प. सुमारे ७ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच. पुराणकथा, प्रतिमा आणि साम्राज्य यांचा संबंध कसा वाचावा, या वादात त्याचा दाखला हटकून दिला जातो.

लेणे उथळ असल्याने उजेडात सगळा पट एकदम नजरेत भरतो. माणसाचे शरीर आणि वराहाचे मुख असलेला विष्णू डावा पाय नागाच्या वेटोळ्यावर रोवून उभा आहे. सुळ्याला धरून लोंबणारी पृथ्वी त्याच्यापुढे इवलीशी दिसते. मागे लाटांच्या समांतर रेघा आणि त्यांवर ऋषींच्या रांगाच रांगा. बाजूच्या भिंतींवर मकरावर गंगा आणि कासवावर यमुना उतरते. दोघींचे प्रवाह एक होऊन समुद्राला मिळतात.

वराहाने पृथ्वी तारली ही कथा जुनीच. तिच्यात गंगायमुनांना मात्र काही काम नाही. मग त्या इथे का आल्या? वासुदेवशरण अग्रवालांना त्यांत गुप्तांचा मध्यदेश दिसला. पृथ्वीचा उद्धार करणारा देव म्हणजे पृथ्वी जिंकणारा गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, हा अर्थ पुढे रुळला. काशीप्रसाद जयस्वालांनी त्याच्याही पुढे जाऊन, शक राजाच्या तावडीतून राणी ध्रुवदेवीला सोडवणारा चंद्रगुप्त इथे पाहिला. ही कथा ‘देवीचंद्रगुप्त’ या नाटकातली आहे आणि तेही तुटक अवतरणांतूनच उरले आहे. पटावर तिची एकही खूण नाही, त्यामुळे हे वाचन स्वीकारता येत नाही.

राजकीय अर्थाला खरा आधार शेजारच्या लेखांचा आहे. सहाव्या लेण्यातील लेख गुप्त संवत ८२, म्हणजे इ. स. ४०१-०२ मधला असून तो चंद्रगुप्ताच्या सनकानीक मांडलिकाचा आहे. सातव्या लेण्यात पाटलिपुत्राचा वीरसेन सांगतो, की सारी पृथ्वी जिंकायला निघालेल्या राजाबरोबर आपण इथे आलो. पण वीरसेनाने कोरवलेले लेणे शंभूचे आहे, वराहाचे नव्हे. आणि वराहपटावर राजाचे नाव कुठेच नाही. ‘मुद्राराक्षस’ नाटकाच्या भरतवाक्यात, म्हणजे शेवटच्या आशीर्वादपर श्लोकात, राजा आणि वराह एकत्र येतात खरे, पण त्या राजाचे नाव हस्तलिखितागणिक बदलते. म्हणून चंद्रगुप्ताचा संदर्भ दाट संभवाचा म्हणावा, सिद्ध म्हणू नये.

वराहाची प्रतिमा गुप्तांच्या नात्यातल्या राजघराण्याकडेही दिसते. चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भातील वाकाटकांच्या घरी दिली होती. पती रुद्रसेनाच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने राज्य सांभाळले. वाकाटकांच्या नंदिवर्धन या राजधानीजवळच्या रामटेकच्या टेकडीवरही वराह आहे, मात्र तो संपूर्ण पशुरूपात.

पण ही प्रतिमा एकाच राजाशी बांधलेली नव्हती, याचा सर्वांत बोलका पुरावा एरण या गावचा आहे. मातृविष्णू आणि धन्यविष्णू या भावांनी तिथे गुप्त संवत १६५ मध्ये विष्णूचा ध्वजस्तंभ उभारला, तेव्हा बुधगुप्ताचे राज्य होते. पुढे मातृविष्णू वारला आणि धन्यविष्णूने त्याच गावी दगडी वराह घडवला. त्याच्याही सुळ्याला पृथ्वी लोंबते आहे, अंगभर ऋषींच्या रांगा आहेत. छातीवरच्या लेखात सम्राट म्हणून नाव आहे ते हूण राजा तोरमाणाचे.