सभा वाढली, चर्चा कुठे गेली?

आता आपण काँग्रेसच्या अधिवेशनांकडे येऊ. डिसेंबर १८८५, मुंबईतली गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, प्रतिनिधी ७२. एवढ्या माणसांत एकाने मुद्दा मांडला, की दुसरा त्याला तिथल्या तिथे अडवू शकतो. चारच वर्षांनी, पुन्हा मुंबईतच, १८८९ सालच्या अधिवेशनाला प्रतिनिधी आले १८८९! आता एवढ्या मांडवात भाषण होतं, उलटतपासणी कुठली व्हायला? खरी वादावादी हळूहळू विषय नियामक समितीत सरकली. मांडवात उरलं ते बहुतांशी अनुमोदन. १९२० साली नागपुरात प्रतिनिधी १४,००० च्या वर गेले. तिथेच नवी घटना झाली: प्रतिनिधी सुमारे ६,००० आणि कारभाराला १५ जणांची कार्यसमिती.

मग ७२ जणच बरे होते, असं म्हणायचं का? नाही. ते बहुतेक वकील, संपादक, अशी शिकलेली मंडळी. संख्या वाढली तेव्हा कुठे बाकीचा देश आत येऊ लागला. पण तोवर चर्चा लहान खोलीत गेलेली. सभा वाढली म्हणून चर्चा मरत नाही, ती जागा बदलते. म्हणून आपण विचारायचं ते हे, की त्या खोलीत कोणाला जाता येतं, आणि तिथे ठरलेल्याचा जाब मांडवातला माणूस विचारू शकतो का?