सार्वजनिक विहारस्थळांचे मूल्यमापन

सार्वजनिक विहारस्थळांचे मूल्यमापन : उद्याने, वने, जलाशय इ. स्थळांपासून लोकांना होणारा लाभ पैशांत मोजण्याची अर्थशास्त्रीय पद्धती. अशा स्थळांना बाजारभाव नसल्यामुळे नियोजनाच्या हिशेबात त्यांचे मूल्य शून्य धरले जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये प्रवासखर्चावरून मूल्य काढण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी सिरिअसी-वांट्रप यांनी लोकांनाच प्रत्यक्ष विचारण्याचा मार्ग सुचविला. रॉबर्ट डेव्हिस यांनी १९६३ च्या आपल्या प्रबंधात मेन राज्यातील वनविहारासंबंधी त्याचा प्रथम अवलंब केला.

महाराष्ट्रात बोरिवली (संजय गांधी) राष्ट्रीय उद्यानाबाबत अशी पाहणी झाली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार उद्यानाच्या जतनासाठी मुंबईतील कुटुंबे पाच वर्षे दरमहा सरासरी साडेसात रुपये देण्यास तयार होती. या एकूण रकमेचे वर्तमान मूल्य सु. १०३ कोटी रुपये होते.

अशा पाहणीतील उत्तरे काल्पनिक व्यवहाराविषयी असल्याने प्रश्नाच्या रचनेनुसार ती बदलतात. म्हणून केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन समितीने १९९३ मध्ये प्रत्यक्ष मुलाखत, होय-नाही स्वरूपाचा प्रश्न इ. कडक निकष सुचविले. एक मर्यादा मात्र निकषांनी दूर होत नाही : देण्याची तयारी उत्पन्नावर अवलंबून असते. १९९७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने या उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. उद्यान राखण्याचे मूल्य पाहणीने दाखविले. त्यासाठी निवारा गमावणाऱ्यांची हानी साडेसात रुपयांच्या सरासरीत दिसत नाही. त्यामुळे असे अंदाज निर्णयास साहाय्यक ठरतात, निर्णयाची जागा घेऊ शकत नाहीत.