लिस्बनचे छप्पर नसलेले ख्रिस्तमंदिर

लिस्बन पाहावयास जाणाऱ्याने रोसिओ चौकावरील टेकडीवर कार्मेल मठाचे ख्रिस्तमंदिर अवश्य पाहावे. संत नुनो आल्व्हारेस परेरा यांनी १३८९ साली स्थापिलेल्या या मंदिराच्या कमानींवर आज छप्पर नाही, केवळ आकाश आहे.

१ नोव्हेंबर १७५५, सकल संतांचा सण. सकाळी शहरातील ख्रिस्तमंदिरे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. वेद्यांवरील मेणबत्त्यांनी आगी भडकल्या. तागुस नदीच्या मुखातून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या. हजारो माणसे दगावली.

मंत्री पोंबाल यांनी सरळ रस्त्यांचे नवे शहर उभारले. येशूसंघीय धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी मात्र हा पापांचाच दंड होय, असे १७५६ साली लिहिले. पोंबाल यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. १७६१ साली इन्क्विझिशनच्या निकालाने रोसिओ चौकातच त्यांना देहदंड झाला. ती शिक्षा अन्यायाची होती. परंतु त्यांचे प्रतिपादनही शुभवर्तमानाला धरून नव्हते. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक अपराधी नव्हते, हे प्रभू येशूने स्पष्ट केले आहे.

प्रार्थनेसाठी आलेलेच तेथे गाडले गेले. दुःखिताच्या दारी जाताना आम्हा धर्मगुरूंनी ते उघडे छप्पर आठवावे आणि निवाडा सांगण्याआधी त्याच्याजवळ बसावे.