मॉरिस घराण्याच्या दोन पाती

मुंबईत जुन्या मोटारींच्या मिरवणुकीत एकदा १९२९ सालची एमजी मिजेट पाहिली. दोनच माणसांची बैठक, डोक्यावर कापडी टप, मागचा भाग होडीच्या टोकासारखा निमुळता आणि इंजिन अवघं ८४७ सीसीचं! मालक रुमालाने तिचं नाक पुसत होते. आमच्या घरात एवढं कौतुक फक्त पहिल्या जावयाचं झालं.

मला मात्र हिंगोलीची, आमच्या काकांची अँबॅसडर आठवली. तुम्ही म्हणाल, कुठे ती नाजूक नार आणि कुठे तुमचा पाण्याचा रांजण! पण जरा वंशावळ काढा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करता करता मोटारीत शिरलेल्या विल्यम मॉरिसचं हे नाव. आणि अँबॅसडर म्हणजे त्याच घरची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंगालात उत्तरपाड्याला दत्तक दिलेली. एकाच घराण्याच्या दोन पाती. एकीने शर्यती केल्या, दुसरीने संसार.

तसा साहेब हिंगोलीतही होता. हैदराबाद कंटिंजंटची छावणीच होती इथे. पण ती १९०३ मध्ये उठली आणि मिजेट जन्मली १९२८ मध्ये. चुकामूक! बरंच झालं म्हणा. मराठवाड्याच्या मे महिन्यात उघड्या मोटारीतून औंढ्याला निघालात, तर नागनाथाच्या आधी यमाचंच दर्शन व्हायचं.

काकांच्या गाडीची पुढची सीट अखंड, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. त्यामुळे पुढे तीन, मागे पाच, आणि मांडीवरची मोजायची नाहीत. डिकीत हळदीचं पोतं. त्या गाडीला जन्माची हळद लागलेली! एका रात्री मागच्या सीटवर निजवून काकूंना नांदेडला नेलं. परत येताना एक माणूस वाढला होता, दुपट्यातला. मिजेटमध्ये काकू निजल्या कुठे असत्या?

विलायतेने तो नमुना १९५९ मध्येच सोडला. उत्तरपाड्याने २०१४ पर्यंत चालवला. काकांची गाडी त्याआधीच भंगारात गेली, किलोच्या भावाने. मिजेटच्या स्क्रूस्क्रूचा इतिहास लोक सांगतात. आमच्या गाडीचा साधा फोटोसुद्धा नाही. असणार कसा? फोटो काढायला खाली कोणी उरायचंच नाही. सगळे आत!