मोटारीच्या निष्कास नळीसाठी धातूची निवड

इंजिनातील जळालेले वायू मोटारीच्या मागील टोकापर्यंत वाहून नेणाऱ्या नळ्या, उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि सायलेन्सर यांच्या जुळणीस निष्कास प्रणाली असे म्हणतात. बोलीभाषेत या सगळ्यालाच ‘सायलेन्सर’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः सायलेन्सर हा तिचा एक भाग होय. मूळ प्रणाली गंजल्यास, किंवा वाहनधारकास अधिक टिकाऊ प्रणाली हवी असल्यास, ती वर्कशॉपमध्ये मापाने बनवून घेतली जाते. अशा वेळी धातू कोणता घ्यावा हे नळीची जागा, वाहनाचा रोजचा वापर, प्रदेशाची हवा आणि जोडकाम यांवर ठरते.

गंजण्याचे कारण

निष्कास नळी बाहेरून पाणी-चिखल उडाल्याने गंजते असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. नळी थंड असेपर्यंत ही वाफ आतल्या भिंतीवर आणि सायलेन्सरच्या तळाशी साचते. वायूंमधील नायट्रोजन व गंधक यांची संयुगे त्यात विरघळून सौम्य आम्ल बनते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. नळी पुरेशी तापली की हे पाणी उडून जाते.

त्यामुळे एकाच गावातील दोन मोटारींच्या नळ्यांचे आयुष्य फार भिन्न असू शकते. सेवाग्रामहून वर्धा शहर सुमारे आठ किलोमीटरवर आहे. हिवाळ्याच्या सकाळी एवढ्या अंतरात पुढची नळी तापते, पण मागचा सायलेन्सर पूर्ण कोरडा होतोच असे नाही. हीच मोटार नियमितपणे नागपूरला किंवा वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाने लांब पल्ल्यावर जात असेल, तर सायलेन्सर कोरडा राहतो. वर्ध्याची हवा पावसाळा वगळता कोरडी असल्याने बाहेरून गंजण्याचा धोका येथे मर्यादित आहे. रत्नागिरी, मालवण अशा किनारी भागात मात्र खारी हवा बाहेरूनही आघात करते. पुष्कळ सायलेन्सरच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. ‘गळते’ म्हणून ते बुजविणे अयोग्य होय.

गंजून पडलेले भोक केवळ आवाजाचा प्रश्न नसतो. ते प्रवाशांच्या आसनांखाली असल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरू शकतो. त्याला रंग नाही व वासही नाही. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून उभ्या मोटारीत झोपणाऱ्यांस हा धोका सर्वाधिक असतो.

वापरात असलेले धातू

साधे पोलाद (बाजारात ‘एमएस’) स्वस्त असून कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात जोडता येते. परंतु उघडे ठेवल्यास ते लवकर गंजते. त्यावर ॲल्युमिनियम व थोड्या सिलिकॉनचा पातळ थर चढविला की ॲल्युमिनाइज्ड पोलाद बनते. परिवर्तकाच्या मागील, तुलनेने थंड भागास ते पुरेसे आहे. जोडाच्या जागी हा थर जळून जातो व गंज तेथूनच सुरू होतो, म्हणून जोडावर उष्णतारोधक रंग द्यावा लागतो.

अगंज पोलादाच्या (स्टेनलेस स्टील) प्रकारांपैकी 409 हा खास निष्कास नळ्यांसाठी रूढ झालेला प्रकार आहे. त्यात सुमारे 11 टक्के क्रोमियम असते, निकेल जवळजवळ नसते. काही दिवसांत त्यावर तपकिरी छटा येते आणि फसवणूक झाल्याची शंका ग्राहकास येते. तथापि हा गंज बहुधा पृष्ठभागापुरताच राहतो. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. ते दीर्घकाळ चकचकीत राहते आणि किनारी भागासाठी अधिक योग्य आहे. वर्ध्यासारख्या कोरड्या प्रदेशात 304 साठी दिलेले जादा पैसे बऱ्याच अंशी चकाकीचेच असतात.

304 चे दोन दोष ध्यानात घ्यावे लागतात. एक म्हणजे ते अधिक प्रसरण पावते. एक मीटर नळीचे तापमान 500 अंश सेल्सिअसने वाढले तर 409 ची नळी साधारण 6 मिलिमीटर, तर 304 ची सुमारे 9 मिलिमीटर लांबते. जाळीदार लवचिक नळी व रबरी हँगर यांनी ही वाढ सामावून घेतली नाही तर जोडांना तडे जातात. दुसरा दोष इंजिनालगतच्या भागाचा आहे. सुमारे 425 ते 860 अंशांच्या पट्ट्यात 304 दीर्घकाळ राहिल्यास त्यातील क्रोमियम कार्बनशी संयोग पावून कणांच्या सीमांवर साचते आणि तेथील गंजरोधकता घटते. म्हणून मॅनिफोल्डजवळ टायटॅनियमयुक्त 321 वापरतात. पेट्रोल इंजिनात तेथील वायू 800 ते 900 अंशांपर्यंत तापतात.

टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे 57 टक्के असते. शर्यतीच्या वाहनांत हे वजन मोलाचे. रोजच्या वापरात त्याचा खर्च भरून निघत नाही. निकेलप्रधान इन्कोनेलचा उपयोग अतितप्त टर्बो भागांपुरता मर्यादित आहे.

जोडकाम

उत्तम धातूही वाईट जोडाने वाया जातो. अगंज नळी आर्गन वेल्डिंगने (टिग) जोडताना नळीच्या आतही आर्गन सोडावा लागतो. तसे न केल्यास जोडाची आतली बाजू जळून खडबडीत होते व तेथून तडा जातो. बाहेरून जोड सुबक दिसत असल्याने हा दोष ग्राहकाच्या लक्षात येत नाही. जोड करताना नळीची टोके बंद करून आत वायू सोडला जात आहे का, हे तेव्हाच पाहावे. 304 च्या जोडास 308एल, तर साधे पोलाद व अगंज पोलाद एकमेकांस जोडताना 309एल ही तार वापरतात. नळीची जाडी सामान्यतः 1.2 ते 1.5 मिलिमीटर असते. नळातील पाण्यासाठीची जस्तलेपित (जीआय) नळी या कामी मुळीच वापरू नये. वेल्डिंगच्या वेळी निघणारा जस्ताचा धूर कारागिरास ताप आणतो आणि पुढे उष्णतेने लेपही टिकत नाही.

बाजारातील ओळख

जिन्याच्या कठड्यांसाठी व फर्निचरसाठी मिळणारी ‘स्टेनलेस’ नळी पुष्कळदा 202 या कमी निकेल व अधिक मँगनीज असलेल्या प्रकारची असते. लोहचुंबक लावून पाहण्याची लोकप्रिय परीक्षा येथे निरुपयोगी ठरते, कारण 202 व 304 दोन्ही चुंबकास जवळजवळ चिकटत नाहीत. उलट 409 चिकटते, म्हणून ते हलके ठरत नाही. 202 व 304 यांतील भेद रासायनिक थेंब चाचणीने किंवा गिरणीच्या प्रमाणपत्रावरून कळतो.

कायदेशीर मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ अन्वये अशा प्रत्येक बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5,000 रुपये दंड होऊ शकतो. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम 190(2) लागू होते. त्यात 10,000 रुपयांपर्यंत दंडाची आणि तीन महिने परवाना अपात्र ठरविण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील काही शहरांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. वाहनांच्या ध्वनी व उत्सर्जन चाचण्या पुण्यातील एआरएआय (स्थापना 1966) या संस्थेत होतात.

नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक मुंबईसह चार महानगरांत 1995 पासून बंधनकारक झाला. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकांनंतर, परिवर्तक काढल्यास ऑक्सिजन संवेदक ते टिपतो व डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागतो. त्यामुळे धातूतील बदल परिवर्तक जागेवर ठेवून, मूळ व्यास व मूळ आवाज राखूनच करावा लागतो.