राजवाड्यापुढचे पटांगण

साताऱ्यात कोणासही ‘राजवाडा कुठे?’ म्हणून विचारा. तो वाडा नव्हे, चौक दाखवील. मोती चौकात कंदी पेढ्यांचा पुडा बांधून घ्यावा, थोडे चालावे, की गांधी मैदान आलेच. डोक्यावर अजिंक्यतारा, समोर जुना आणि नवा वाडा. येथे उभा राहिलो की मला नेहमी दोन हकीकती आठवतात.

पहिली राजाची. पेशवाई बुडाल्यावर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना राज्य दिले. जुना वाडा त्यांनीच १८२४ च्या सुमारास बांधला. राजा मोठा उद्योगी. त्याने रस्ते बांधले, शाळा काढली, नेमाने रोजनिशी ठेवली. पण राज्य देणाऱ्यांनीच १८३९ च्या सप्टेंबरात कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले आणि काशीस धाडले. तेथेच १८४७ त ते निवर्तले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनात झगडले. पदरी काही पडले नाही. धाकटे बंधू शहाजीराजे १८४८ त वारले, त्यांचे दत्तकविधान डलहौसीने मानले नाही, आणि राज्य खालसा झाले. पुढे नव्या वाड्यात अनेक वर्षे न्यायालय भरत असे!

दुसरी हकीकत एका मुलाची. १८५१ साली निघालेली सरकारी शाळा पुढे राजवाड्यात भरू लागली. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिच्या पटावर नाव चढले: भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्यातील त्या बालपणाविषयी बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. वर्गात त्यांना वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच.

राजाचे राज्य परक्याने हिरावले, म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या हळहळलो, आणि ते योग्यच. पण त्या पोराला पाणी नाकारणारे परके नव्हते, आपलेच होते. त्याची हळहळ वाटायला आपल्याला फार उशीर लागला.

साताऱ्यास जाल तेव्हा पेढे अवश्य घ्या. मात्र चौकात क्षणभर थांबून गेलेल्या सिंहासनाबरोबर त्या गोणपाटाचीही आठवण करा.