रोमन साम्राज्याचा खुर्दा

रोमन नाणें म्हटलें कीं आपणांस सोन्याचें नाणें आठवतें, आणि तें साहजिकही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिऱ्यांच्या व्यापारांतून रोमचें सोनें-रुपें दक्षिण भारतांत आलें. ऑगस्टस व टायबेरिअस यांच्या नाण्यांचे सांठे तेथें सांपडले आहेत. आज मात्र त्या श्रीमंत नाण्यांची कथा सांगावयाची नाहीं. चौथ्या-पांचव्या शतकांत रोमन साम्राज्यांतील सामान्य माणूस जो खुर्दा घेऊन बाजारास जाई, त्या काळवंडलेल्या ब्राँझच्या चकत्यांकडे मी श्रोत्यांचें लक्ष वेधूं इच्छितों.

२९४ च्या सुमारास सम्राट् डायोक्लेशिअन यानें चलनाची नवी घडी बसविली. त्याचें मोठें ब्राँझ नाणें सुमारें १० ग्रॅम वजनाचें असून त्यावर रुप्याचा पातळ थर असे. पण अर्ध्या शतकांतच हें वजन दोन ग्रॅमांच्याही खालीं घसरलें. संग्राहक या नाण्यांचे व्यासावरून चार वर्ग पाडतात: २५ मिलिमीटरांहून मोठें तें पहिल्या वर्गांतलें, १७ हून लहान तें चौथ्या वर्गांतलें. साम्राज्याची उतरती कळा मोजावयास ही फूटपट्टी कांहीं वाईट नाहीं.

असें नाणें हातीं आलें कीं घासूं नये. तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें लखलखीत करण्याची आपल्या घरांतील रीत येथें घातक ठरते. वर जो हिरवट किंवा तपकिरी थर चढलेला असतो, पुष्कळदां त्या थरांतच अक्षरें शिल्लक राहिलेलीं असतात. थर गेला कीं अक्षरेंही गेलीं. शुद्ध केलेल्या पाण्यांत नाणें भिजत ठेवावें, आणि धीर धरावा.

मग मस्तक पाहावें. सम्राटाच्या डोक्यावर पानांची माळ असेल तर नाणें प्रायः ३२५ च्या आधींचें. मोत्यांची पट्टी असेल तर त्यानंतरचें. मागील बाजूस दोन शिपाई उभे असून त्यांच्या मधें दोन निशाणें असलीं, तर तें ३३० नंतरच्या कांहीं वर्षांतलें होय. ३३५ च्या सुमारास नाणें आणखी लहान झालें, आणि शिपाई दोनच राहून निशाण मात्र एकच उरलें. घोड्यावरून कोसळणारा शत्रु व त्यास भाल्यानें भोंसकणारा रोमन सैनिक दिसला, तर काळ ३४८ च्या पुढचा. पाहा, एक अक्षरही न वाचतां आपण कोठवर आलों! तळाशीं टांकसाळीची खूण असते. ट्रायर, सिस्किया, अँटिऑक, अलेक्झांड्रिया अशा शहरांचीं आद्याक्षरें आणि त्यांच्या जोडीस पुष्कळदां कारखान्याचा क्रम दाखविणारें एखादें ग्रीक अक्षर, इतकी माहिती तेवढ्या चिंचोळ्या जागेंत बसविलेली आढळते.

नांवें वाचणें मात्र कठीण. कॉन्स्टंटाइननें आपल्या तीन मुलांचीं नांवें कॉन्स्टंटिनस, कॉन्स्टंटिअस व कॉन्स्टन्स अशीं ठेविलीं. पुढें कोणी झिजलेलीं नाणीं वाचीत बसेल, हा विचार त्याच्या मनांत आला नसावा. थोरल्या मुलाचें नांव वेगळें होतें, क्रिस्पस. ३१७ सालीं तो युवराज झाला, आणि ३२६ सालीं बापाच्याच हुकुमानें त्याचा वध झाला. त्याबरोबर त्याचीं नाणींही थांबलीं. म्हणून क्रिस्पसचें नांव लागलें कीं नाण्याचा काळ त्या नऊ वर्षांत पक्का होतो. घरांतल्या एवढ्या भीषण गोष्टीची साक्ष बाजारांतल्या एका क्षुद्र नाण्यानें द्यावी!

परंतु एक गोष्ट नाणें स्वतः कधींच सांगत नाहीं: तें कोठें सांपडलें. २०१३ सालीं इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत एका हौशी शोधकास असा सांठा लागला. त्यानें सारें उकरून न काढतां पुरातत्त्वज्ञांस बोलाविलें. २२,८८८ नाणीं निघालीं, आणि तीं आज एक्झिटरच्या संग्रहालयांत एकत्र आहेत. तींच सुटीं सुटीं विकलीं गेलीं असतीं, तर प्रत्येक नाणें ओळखूं आलें असतें आणि सांठा मात्र नाहींसा झाला असता.

आपल्या देशांत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. तमिळनाडूंत करूर व मदुरा येथें, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेंत, हीं नाणीं मोठ्या संख्येनें मिळालीं आहेत. श्रीलंकेंत तर त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. आर. कृष्णमूर्ति यांनीं करूर व मदुरा येथील अशा नाण्यांवर १९९४ सालीं स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. गांवाची नोंद राहिली म्हणूनच तें शक्य झालें. १८७८ चा निखातनिधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा कलेक्टरास कळविण्यास सांगतो. या एका चकतीच्या धातूचें मोल तेवढेंही भरणार नाहीं. कित्येक नाण्यांवर तर सम्राट् कोण हेंही ओळखूं येत नाहीं, आणि युरोपांतील संग्राहक तसलें नाणें टाकून देईल. तेंच करूरला अमरावती नदीच्या वाळूंत मिळालें, एवढें कोणी त्याच दिवशीं कागदावर लिहून ठेविलें, तर रोमचा खुर्दा कावेरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोंचला होता याचा तो पुरावा होतो.